'सापडलं नाही' याचे अर्थ किती?

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या रविवारच्या मराठी शाळेचा इंटरनेटवरचा पत्ता गेला. शाळा छोटीच आहे. दोन वर्ग, तीसेक मुलं आणि पालकांमधूनच आलेले शिक्षक. पण तो 'डॉट एनएल' पत्ता बरीच वर्षं जुना होता. दिवाळीच्या कार्यक्रमाच्या पत्रिकांवर, वाचनालयातल्या पुस्तकांच्या शिक्क्यांवर, मुलांच्या प्रमाणपत्रांवर तोच छापलेला. वर्गणी भरण्याच्या आठवणी मात्र जुन्या खजिनदारांच्या ईमेलवर जात होत्या, आणि ते कधीच पुण्याला परतले होते. पैसे भरले गेले नाहीत, नोंदणी रद्द झाली आणि एका सकाळी संकेतस्थळ उघडेना.

"तू कंप्युटरमधली ना, तूच बघ," असं कार्यकारिणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलं. मी ते काम एका एआय एजंटला सांगितलं: हे नाव अजून आपल्याला मिळेल का, तेवढं पाहून दे. त्याने डोमेन शोधायचं एक टूल वापरलं आणि अर्ध्या मिनिटात उत्तर दिलं. नाव उपलब्ध नाही, दुसऱ्या कोणीतरी ते नोंदवलं आहे, हवे तर चार पर्याय सुचवतो. आम्ही हळहळलो आणि मधे आडवी रेघ असलेलं नवं नाव घेऊन मोकळे झालो. दोन महिन्यांनी भारतातून आलेल्या एका आजोबांनी विचारलं, "अगं, नातवाच्या प्रमाणपत्रावरचा पत्ता उघडला तर जुगाराची जाहिरात येते. हे काय आहे?"

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. नोंदींचे नियम उघडून वाचले. एजंटने पाहिलं त्या दिवशी आमचं नाव कोणीही घेतलेलं नव्हतं. रद्द झालेलं डॉट एनएल नाव लगेच बाजारात येत नाही, ते ४० दिवस 'क्वारंटाइन'मध्ये ठेवलं जातं. त्या ४० दिवसांत ते फक्त जुन्या मालकालाच परत मिळू शकतं. म्हणजे नाव 'उपलब्ध नव्हतं' हे खरं होतं. ते उपलब्ध नव्हतं कारण ते आमच्यासाठीच राखून ठेवलेलं होतं. आमच्या हातात तीन आठवड्यांहून जास्त वेळ होता आणि तो आम्ही नवं नाव निवडण्यात घालवला.

त्या टूलची वापरसूचना मी नंतर शोधून वाचली. एजंटसाठी लिहिलेला भाग दोन वाक्यांचा होता. पूर्ण डोमेन नाव द्यावं, ही एक सूचना. ते उपलब्ध आहे की नाही हे 'हो' किंवा 'नाही'मध्ये मिळेल, ही दुसरी. 'नाही'चा अर्थ काय काय असू शकतो, याबद्दल एक अक्षरही नाही. माझं पोस्टडॉकचं संशोधन संगणकप्रणालींच्या वापरसूचनांवर, म्हणजे डॉक्युमेंटेशनवर आहे. तेव्हा याची लाज मला जरा जास्तच वाटली, आणि त्या लाजेपोटी 'हे नाव कोणाचं?' या प्रश्नाचा इतिहास मी पुन्हा एकदा पहिल्यापासून चाळला.

प्रश्नचिन्हाचं उत्तर

गावाकडे जमीन घेताना जाणती माणसं सांगतात, सातबाऱ्यावर नुसतं नाव बघू नका, 'इतर हक्क' बघा. नाव विकणाऱ्याचंच असतं, पण इतर हक्कांत सोसायटीचं कर्ज असतं, कुळाची नोंद असते, बहिणीचा हिस्सा असतो. कागद खोटं बोलत नाही. पण कुठला रकाना कशासाठी वाचायचा हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातात खरा कागदही उपयोगाचा नाही. डोमेनच्या नोंदी हा इंटरनेटचा सातबारा आहे, आणि त्याचा पहिला तलाठी कॅलिफोर्नियात मेनलो पार्कला बसत असे.

अर्पानेट या अमेरिकी जाळ्याचं माहिती केंद्र तिथे एसआरआय या संशोधनसंस्थेत होतं आणि एलिझाबेथ फाइनलर त्याच्या प्रमुख होत्या. जाळ्यावर कोणता संगणक कुठे आहे, कोणाशी बोलायचं, याची यादी त्यांचा गट ठेवायचा. नवा संगणक जोडायचा तर त्यांना कळवायचं, शंका असेल तर त्यांना फोन करायचा. १९८२ च्या मार्चमध्ये केन हॅरेनस्टीन आणि व्हिक व्हाइट यांनी आरएफसी ८१२ हा छोटा दस्तऐवज लिहिला आणि ही यादी दुरून विचारता यावी अशी सोय केली. या सोयीचं नाव 'निकनेम' किंवा 'हूइज', म्हणजे 'कोण आहे?'

पद्धत कमालीची साधी. माहिती केंद्राच्या संगणकाच्या ४३ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी करायची, एक ओळ पाठवायची, जो मजकूर येईल तो वाचायचा, जोडणी बंद. मला त्या दस्तऐवजातली सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे त्यातली मदतीची सोय. नावाऐवजी नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं तर सर्व्हर स्वतःच कसं विचारायचं ते सांगायचा. नाव असं लिहा, फक्त नावातच शोधायचं असेल तर आधी टिंब द्या, फक्त ओळखचिन्हात शोधायचं असेल तर उद्गारचिन्ह द्या, आणि ही घ्या उदाहरणं. वापरसूचना वेगळ्या पुस्तकात नव्हती. ज्याला विचारायचं त्याच्याकडेच ती मिळत होती, आणि ती बदलली तर नवी तिथेच मिळणार होती.

त्या सूचनेत 'सापडलं नाही' म्हणजे काय हे सविस्तर सांगितलेलं नव्हतं. तेव्हा त्याची गरजही नव्हती. विचारणारा माणूस होता. उत्तर विचित्र वाटलं तर तो फोन उचलणार होता.

आम्स्टरडॅमचा एकटा नोंदकार

फोन उचलण्याची ही संस्कृती नेदरलँड्समध्ये कशी होती ते पाहायचं तर आम्स्टरडॅमच्या गणित आणि संगणकशास्त्र केंद्रात, म्हणजे सीडब्ल्यूआयमध्ये जायला हवं. तिथे पीट बेअरटेमा हे प्रणाली सांभाळणारे गृहस्थ होते. युरोपातल्या संगणकांना जोडणाऱ्या तेव्हाच्या जाळ्याचा मध्यवर्ती संगणक, 'एमसीव्हॅक्स', त्यांच्या ताब्यात होता.

१ एप्रिल १९८४ रोजी यूजनेटवर एक संदेश आला. सोव्हिएत युनियनचे सर्वोच्च नेते चेरनेन्को स्वतः लिहित होते की आम्हीही आता या जाळ्यात सामील होत आहोत. पाठवणाऱ्या संगणकाचं नाव 'क्रेमव्हॅक्स', क्रेमलिनवरून. पुष्कळांनी ते खरं मानलं. तो बेअरटेमांचा एप्रिल फूल होता, आणि ते त्यांनी नंतर स्वतःच जाहीर केलं. जाळ्यावर आलेल्या नावामागे खरोखर कोण आहे हे नाव पाहून कळत नाही, हे इतक्या हसतखेळत क्वचितच कोणी दाखवलं असेल.

हेच बेअरटेमा दोन वर्षांनी देशाच्या नावांची वही सांभाळू लागले. २५ एप्रिल १९८६ रोजी 'डॉट एनएल' हे देशनाव नोंदलं गेलं आणि १ मे रोजी त्याखालचं पहिलं नाव आलं, त्यांच्याच संस्थेचं. अमेरिकेबाहेर प्रत्यक्ष वापरात आलेलं हे पहिलं देशनाव, असं डच मंडळी अभिमानाने सांगतात. १७ नोव्हेंबर १९८८ रोजी दुपारी २ वाजून २८ मिनिटांनी बेअरटेमांना अमेरिकेतून ईमेल आलं की सीडब्ल्यूआयला एनएसएफनेट या तिकडच्या संशोधन-जाळ्यात प्रवेश मिळाला आहे. युरोप इंटरनेटला जोडला गेल्याचा क्षण म्हणून इथे तीच वेळ सांगतात.

जवळजवळ १० वर्षं डॉट एनएलची नोंद मुख्यतः या एका माणसाच्या हातची होती. नियम त्यांच्या डोक्यात, अपवाद त्यांच्या डोक्यात. एखादं नाव का मिळत नाही हे विचारायचं तर त्यांना लिहायचं. डॉक्युमेंटेशन म्हणजे तो माणूसच. आपल्याकडे जुन्या कचेऱ्यांत असा एक हेडक्लार्क असायचा. फाइल कुठल्या कपाटात आहे आणि ती का अडली आहे, हे फक्त त्यालाच ठाऊक. तो आहे तोवर कचेरी सुरळीत चालते आणि कोणालाच काही लिहून ठेवावंसं वाटत नाही.

नव्वदच्या दशकात कंपन्या इंटरनेटवर आल्या आणि एका माणसाला ते झेपेनासं झालं. १९९६ च्या जानेवारीत एसआयडीएन ही ना-नफा संस्था स्थापन झाली. संस्थापकांत बेअरटेमांसोबत सर्फनेटचे बाउडेवाइन नेदरकोर्न आणि एनएलनेटचे टेड लिंडग्रेन होते. संस्था आज आर्नेमला आहे आणि तिच्या वहीत ६० लाखांहून जास्त नावं आहेत. एवढ्या वहीमागे विचारायला एक माणूस नसतो. नियम लिहावे लागतात, आणि आमचे ते ४० दिवस अशाच लिहिलेल्या नियमांपैकी एक आहेत.

प्रत्येक तलाठ्याची वेगळी भाषा

दरम्यान हूइज जगभर पसरलं, पण त्याची गंमत अशी की उत्तर कसं असावं हे कोणी ठरवलंच नव्हतं. २००४ च्या सप्टेंबरमध्ये हूइजचं नवं विवरण निघालं, आरएफसी ३९१२. ते जेमतेम चार पानांचं आहे. ओळ पाठवा आणि माणसाला वाचता येईल असा मजकूर घ्या, एवढंच त्यात आहे. अक्षरांची लिपी कोणती हे सांगायची सोय नाही, विचारणारा कोण हे तपासायची सोय नाही. या उणिवा त्या दस्तऐवजानेच मान्य केल्या आहेत.

त्यामुळे नाव नोंदलेलं नसेल तर प्रत्येक सर्व्हर आपापल्या बोलीत सांगायचा. डॉट कॉमचा म्हणायचा, या नावाशी जुळणारं काही नाही. डॉट एनएलचा म्हणायचा, हे नाव मोकळं आहे. जर्मनीच्या डॉट डीईचा म्हणायचा, स्थिती: मोकळी. माणसाला तिन्हींचा अर्थ एका नजरेत कळतो. पण तोवर वाचणारा बदलत चालला होता. नावं विकणाऱ्यांचे, ट्रेडमार्क सांभाळणाऱ्यांचे, स्पॅम शोधणाऱ्यांचे प्रोग्राम लाखो वेळा हूइज विचारू लागले. या प्रोग्रामांसाठी लोकांनी वाक्यांच्या याद्या बनवल्या. उत्तरात अमुक शब्द दिसले तर नाव मोकळं समजा. एखाद्या देशाने वाक्यातला एक शब्द बदलला की ती यादी मोडायची, आणि मग कोणीतरी ती हाताने दुरुस्त करायचं. जगभरच्या प्रोग्रामरांनी वर्षानुवर्षं हे दुरुस्तीचं काम केलं, कारण एक विवरण चार पानांतच थांबलं होतं.

यातली सर्वांत घातक चूक गप्प बसून होते. फार वेळा विचारलं की सर्व्हर विचारणाऱ्याला अडवतो. मग उत्तर येतं ते नकाराचं किंवा कोरं. 'मोकळं' असं वाक्य शोधणारा प्रोग्राम ते न सापडल्याने नाव घेतलेलं समजतो. 'मालकाचं नाव' शोधणारा प्रोग्राम उलट समजतो, मालक नाही म्हणजे नाव मोकळं. खरं उत्तर तिसरंच असतं: मी तुला सांगत नाही.

१०१ आणि २०१

हा फरक ज्यांनी लवकर ओळखला त्यांतली एक संस्था आम्स्टरडॅमचीच आहे. रायप एनसीसी. डोमेनच्या नावांऐवजी ती इंटरनेटच्या अंकी पत्त्यांची, म्हणजे आयपी पत्त्यांची नोंद ठेवते. युरोप, मध्यपूर्व आणि मध्य आशियाचा काही भाग तिच्या कक्षेत येतो. युरोपातले जाळी चालवणारे लोक १९८९ मध्ये रायप या नावाने एकत्र आले आणि १९९२ मध्ये त्यांनी आम्स्टरडॅममध्ये हे कार्यालय सुरू केलं.

त्यांच्या सर्व्हरला आजही हूइजने विचारता येतं. उत्तरात टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी असतात. त्या सर्व्हरच्या स्वतःच्या बोलण्याच्या. बाकीच्या ओळी नोंदीच्या, आणि त्या प्रत्येक ओळीत आधी रकान्याचं नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग मजकूर. मला उपयोगी वाटते ती पुढची गोष्ट. काही सापडलं नाही तर चूक क्रमांक १०१ येतो. तुम्ही मर्यादेबाहेर विचारलंत म्हणून तुम्हाला अडवलं असेल तर क्रमांक येतो २०१. 'नाही' आणि 'सांगत नाही' यांना दोन वेगळे आकडे दिलेत, आणि त्या आकड्यांचे अर्थ लिहून ठेवलेत. नुसता 'हेल्प' हा शब्द पाठवला तर विचारायच्या पद्धतीही तिथल्या तिथे मिळतात, १९८२ च्या प्रश्नचिन्हासारख्या.

डोमेनच्या जगाला एवढं शहाणपण यायला २०१५ उजाडलं. त्या वर्षी मार्चमध्ये हूइजची जागा घेणाऱ्या आरडॅप या नव्या पद्धतीची विवरणं निघाली. यात उत्तर ठरलेल्या रकान्यांत, जेसन या रचनेत येतं. काहीच सापडलं नाही तर ४०४, फार वेळा विचारलंत तर ४२९, प्रश्नच चुकीचा असेल तर ४००. 'हेल्प' असा वेगळा मार्ग विवरणातच आहे. आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे नावाचे दोन रकाने आहेत, एक रोमन अक्षरांतल्या रूपासाठी आणि एक नावाच्या मूळ लिपीतल्या रूपासाठी. २०१४ च्या ऑगस्टमध्ये 'डॉट भारत' हे देवनागरी देशनाव सुरू झालं आणि मराठीतही पत्ते घेता येऊ लागले. पण जाळ्याच्या पोटात असं नाव रोमन अक्षरांच्या अगम्य माळेसारखं फिरतं. जुन्या हूइजमध्ये ती माळ कुठल्या नावाची हे सांगायला ठरलेली जागाच नव्हती. आरडॅपमध्ये ती आहे.

मधल्या काळात आणखी एका प्रकारचं 'नाही' जन्माला आलं. २५ मे २०१८ पासून युरोपचा माहितीसंरक्षण कायदा, जीडीपीआर, लागू झाला आणि मालकांची नावं, पत्ते, फोन नोंदींतून झाकले गेले. रकाना कोरा दिसला तर माहिती कधी दिलीच नव्हती, की आहे पण दाखवत नाहीत? हे कळावं म्हणून २०२४ मध्ये आरएफसी ९५३७ निघाली. झाकलेला रकाना झाकलेला आहे असं उत्तरातच सांगायची रीत तिने ठरवून दिली. २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण नावांच्या संस्थांवरचं जुनं हूइज चालवण्याचं बंधन संपलं. देशनावांवर आयकॅनची अशी सक्ती नाही. तिथे काहींकडे आरडॅप आहे, काहींकडे अजून फक्त हूइज. डॉट एनएलकडे आरडॅप आहे. म्हणजे आमच्या नावाची खरी स्थिती विचारायचा रस्ता त्या दिवशीही उघडा होता.

वाचणारा बदलला

मग चुकलं कुठे? नोंद बरोबर होती, पद्धत चांगली होती. चूक शेवटच्या दोन वाक्यांत झाली.

एआय एजंटला एखादं टूल देतात तेव्हा त्याला टूलचा आतला कोड दिसत नाही. एमसीपी ही जोडणीची पद्धत २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आली आणि झपाट्याने पसरली. तिच्यात प्रत्येक टूलचं नाव, त्याला काय द्यायचं याचा आराखडा आणि थोडक्यात वर्णन मॉडेलला मिळतं. टूल कधी वापरायचं आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे मॉडेल मुख्यतः त्या वर्णनावरून ठरवतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी हॉवर्ड यांनी सुचवलं होतं की संकेतस्थळांनी भाषिक मॉडेलांसाठी एक वेगळी साधी मजकूर-फाइल ठेवावी. वापरसूचना आता माणसाखेरीज आणखी कोणीतरी वाचतं, हे या दोन्हींमागचं गृहीत.

हा नवा वाचक जुन्या दोघांपेक्षा वेगळा आहे. माणसाला उत्तर विचित्र वाटलं तर तो विचारतो. प्रोग्रामला कळलं नाही तर तो बंद पडतो, लाल अक्षरांत ओरडतो, आणि कोणीतरी धावत येतं. एजंटला अर्धवट उत्तर मिळालं तर तो बरेचदा त्यातली फट स्वतः भरून काढतो, आणि इतक्या सफाईदार वाक्यात की फट होती हे वाचणाऱ्याला जाणवत नाही. आमच्या एजंटला 'नाही' मिळालं. 'उपलब्ध नाही' याचा रोजच्या बोलण्यातला अर्थ कोणीतरी घेतलं, म्हणून त्याने तसं लिहिलं. मीही माणूस असून तसंच वाचलं असतं.

नंतर मी त्याच एजंटला वेगळा प्रश्न विचारला: डॉट एनएल नाव रद्द झालं की काय होतं? त्याने क्वारंटाइन, ४० दिवस, जुन्या मालकाचा हक्क, सगळं बिनचूक सांगितलं. ज्ञान त्याच्यापाशी होतं. पण टूलने दिलेल्या 'नाही'ने तो विषयच बंद केला होता. ते ज्ञान बाहेर काढायची वेळ आली आहे, असं सुचवणारा एक शब्दही त्याच्यासमोर नव्हता.

म्हणून आता मी डोमेन शोधणाऱ्या टूलची वापरसूचना तपासायला घेते तेव्हा यशस्वी उत्तराचं उदाहरण किती नेटकं आहे हे शेवटी पाहते. आधी नकार मोजते. मोकळं, घेतलेलं, क्वारंटाइनमधलं, कोणालाही न मिळणारं राखीव, आणि 'आत्ता कळू शकलं नाही', या पाच स्थिती वेगळ्या सांगितल्या आहेत का? मर्यादा ओलांडली तर काय येतं, आणि तेव्हा थांबून पुन्हा विचारायचं की नाही, हे लिहिलंय का? उत्तर थेट नोंदणीसंस्थेकडून आलं, की नाव जाळ्यावर उघडतं का एवढंच पाहून अंदाज केला? क्वारंटाइनमधलं नाव उघडत नाही, त्यामुळे नुसतं उघडून पाहणारं टूल त्याला उलट 'मोकळं' म्हणेल. उत्तर कधीचं आहे? झाकलेली माहिती आणि नसलेली माहिती यांत फरक केला आहे का?

आणखी एक गोष्ट पाहते, जी १९८२ मध्ये कोणाच्या स्वप्नातही नव्हती. नोंदीतले शेरे, संस्थेचं नाव, वर्णन, हा मजकूर नोंदणी करणाऱ्याने लिहिलेला असतो. कोणी तिथे 'वाचणाऱ्या एजंटने आता अमुक कर' असं लिहून ठेवलं तर? माणूस हसून सोडून देईल. एजंट ती आज्ञा समजू शकतो. रायपची टक्क्याची चिन्हं इथे आठवतात: हे आमचं बोलणं, हे नोंदीतलं. ही रेघ टूलने आखली नाही, तर क्रेमव्हॅक्सचा डाव पुन्हा खेळला जाईल आणि त्या वेळी तो गंमत म्हणून नसेल.

यावर टूल बनवणाऱ्यांचं उत्तर मला माहीत आहे, आणि ते निव्वळ पळवाट नाही. वर्णन लांबलं की खर्च वाढतो. एजंटच्या हाताशी अशी पन्नास टूलं असली तर पन्नास पुराणं वाचून तो गोंधळतो. शिवाय जगात शेकडो देशनावं, प्रत्येकाचे नियम वेगळे, ते सगळे कुठे लिहित बसायचे? मान्य. पण सगळे नियम लिहायची गरजच नाही. उत्तरात 'नाही'च्या जागी 'क्वारंटाइन' हा एक शब्द आला असता, तर बाकीचं एजंटला येत होतं. आणि तेही जमत नसेल, तर 'नाही याचा अर्थ दुसऱ्याने घेतलं असाच होतो असं नाही, जुनं स्वतःचं नाव असेल तर नोंदणीसंस्थेकडे स्थिती तपासा' हे एक वाक्य पुरलं असतं. ते लिहायला नोंदींचा इतिहास ठाऊक असावा लागत नाही. आपलं टूल कुठे अपुरं आहे, ते कबूल करावं लागतं. चार पानी आरएफसी ३९१२ मध्ये बाकी काही नसलं तरी तेवढा प्रामाणिकपणा होता.

पैसे आम्हीच भरले नव्हते, हे मी विसरलेले नाही. त्या एका वाक्याची मागणी मी टूल बनवणाऱ्यांना कळवली आहे. आमच्या शाळेचा जुना पत्ता त्याने परत येणार नाही. पण अशा गावोगावच्या शाळा, मंडळं, भजनी गट इथे पुष्कळ आहेत. त्यांचे खजिनदार बदलतात, ईमेल बदलतात, आणि यापुढे नाव गेलं की त्यांतलं कोणी ना कोणी आधी एजंटलाच विचारणार आहे.

आम्ही शाळेसाठी एक वही केली आहे, कार्यभार देताना पुढच्या मंडळींच्या हातात द्यायची. पहिल्या पानावर नव्या नावाची मुदत संपायची तारीख आहे आणि आठवणीचे ईमेल कोणाकोणाकडे जातात ते तीन पत्ते आहेत. त्याखाली मी लिहिलंय: संकेतस्थळ बंद पडलं तर घाबरू नका, दुसरं नाव घेऊ नका. आधी एसआयडीएनच्या पानावर आपलं नाव टाकून स्थिती पाहा. 'क्वारंटाइन' असं दिसलं तर ज्यांच्याकडून नाव घेतलं त्यांना त्याच दिवशी फोन करा, आपल्याला ४० दिवस आहेत. वाचणारा माणूस असेल की आणखी कोणी, ते पान दोघांनाही कळावं.